पेवाचा हुंकार

माझे आडनाव आणि शिक्षण एका दमात ऐकले की समोरचा माणूस ठरलेला प्रश्न विचारतो, "कोणत्या इस्पितळात असता?" आमच्या सातारा-सांगलीकडे ख्रिस्ती मुलगी नोकरी करते म्हणजे ती परिचारिका असणार, फार तर शिक्षिका. मी दोन्ही नाही. रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळवून मी सांगलीत हळद तपासते. हळकुंडात ओलावा किती, रंग मूळचा की चढवलेला, पुडीत आणखी काय मिसळले आहे, हे सांगणे हा माझा व्यवसाय.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची येतात. साताऱ्याहून एक निवृत्त सुभेदार कागदात बांधलेली चिमूटभर हळद घेऊन आले होते. ती त्यांच्या मते शेजाऱ्याने त्यांच्या उंबऱ्यावर टाकली होती आणि तीत करणी आहे किंवा नाही, एवढेच त्यांना लेखी हवे होते. करणी आढळली नाही, मात्र विषारी पिवळा रंग आढळला, असे मी लिहून दिले. सुभेदार अत्यंत समाधानाने परतले. शेजाऱ्याचा हेतू वाईट होता, हे शास्त्राने सिद्ध झाले होते.

या अंकाच्या संपादकांनी मला 'नोकरी करताना श्रद्धा कशी पाळता' यावर लिहायला सांगितले. रविवारी उपासनेला जाते, जेवणापूर्वी डोळे मिटते, असे लिहून लेख दोन ओळींत संपवता आला असता. त्याऐवजी एका पेवाची हकीगत सांगते. तिच्यात माझी विद्या आणि माझी श्रद्धा एकाच बाईसमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांतली कोणतीही एकटी पुरेशी पडली नाही.

सांगलीला लागून, नदीकाठच्या घट्ट जमिनीत हळदीची पेवे आहेत. पेव म्हणजे जमिनीखालचे कोठार. वरून पाहणाऱ्याला नुसता माळ दिसतो. पायाखाली पोकळ आहे हे सांगावे लागते. पेवाचे तोंड एका माणसापुरते असते आणि खाली ते रांजणासारखे फुगत जाते, तीन-चार माणसांच्या उंचीएवढे खोल. आतून उसाचा पाला आणि चटया लावतात, हळकुंडे भरतात आणि तोंड मातीने लिंपून टाकतात. माल वर्षानुवर्षे टिकतो, कीड लागत नाही. याचे कारण साधे आहे: किडीला श्वास घेण्याजोगे आत काही उरत नाही. माणसालाही उरत नाही. ओलसर पाला कुजतो, त्यातून कर्बवायू निघतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने विहिरीत पाणी साठावे तसा तळाशी साठतो. त्याला रंग नाही, म्हणण्यासारखा वास नाही. म्हणून पेव उघडल्यावर कंदील दोरीने आत सोडतात आणि तो जळत राहिला तरच माणूस उतरतो.

या हकीगतीच्या वेळी आणखी एक रीत होती. उतरणारा माणूस धुळीमुळे नाकातोंडाला फडके घट्ट बांधतो, त्यामुळे त्याला नीट बोलता येत नाही. वर तोंडाशी त्याच्या घरचे कुणीतरी बसते आणि थोड्या थोड्या वेळाने हाक देते. खालचा माणूस हुंकार देतो. हुंकार आला की काम चालू, नाही आला की दोर ओढायचा.

कवठे महांकाळकडून दुष्काळात एक जोडपे इकडे मजुरीला आले आणि इथेच राहिले. नवरा शिवा पेवात उतरे, बायको हौसा हाक देई. मी नोकरीवर रुजू होण्याच्या थोडे आधी शिवा एका अर्धवट उपसलेल्या पेवात मरण पावला. सकाळी कंदील जळला होता; पण ढिगाच्या एका बाजूने तो खोल खणत गेला आणि त्या खड्ड्यात साठलेला वायू मोकळा होऊन पेवात भरत गेला. त्यानंतर पेवाच्या तोंडावर फरशी सरकवली गेली. माल तसाच आत राहिला, कारण उतरायला कुणी तयार होईना. पेव हुंकार देते, असे सगळे सांगत.

पेवाच्या मालकाने नमुना न्यायला बोलावले म्हणून मी तिथे गेले. शिवाचा धाकटा भाऊ धोंडिबा माझ्याबरोबर होता. वाटेत त्याने विचारले, "बाई, तुमच्यात भुतं असत्यात का?"

मी म्हटले, "आमच्या चर्चशेजारी दफनभूमी आहे, पण तिथून कुणी बोलत नाही."

"मग तुमची मानसं लय शिस्तीची," तो म्हणाला. पण पेव दिसू लागल्यावर त्याची थट्टा संपली.

दुपार टळत होती. फरशी थोडी बाजूला सारून हौसा पेवाच्या काठाशी बसली होती, आणि तिचे पाय आत सोडलेले होते. आमच्याकडे न पाहता तिने आत तोंड करून "आवंऽ" अशी हाक दिली. क्षणभराने खालून हुंकार आला. तो भरदार होता, पुरुषी होता, आणि तिचा आवाज थांबल्यावरही रेंगाळत राहिला.

ती मला म्हणाली, "खाली गार हाय म्हंत्यात. हितं वर नुसती तलखी."

"नुसत्या हुंकारात एवढं कळतं?" मी विचारले.

"आख्खा संसार त्येच्यावरच केला की. ते बोलत कवा हुते?" मग तिने जागा करून दिली. "तुमी द्या हाक. मानूस बगून बोलत्यात ते."

मी वाकले आणि हाक दिली. खालून एका पुरुषाने मला उत्तर दिले. हे वाक्य मी विचारपूर्वक लिहिते आहे. तो सूर माझ्याच हाकेसारखा चढला आणि उतरला. मी पुरुष असते तर जसा निघाला असता, तसा. मी प्रशिक्षणाप्रमाणे वागले, म्हणजे दोरीने बाटली खाली सोडून आतली हवा भरून घेतली. परंतु बाटली वर ओढताना ती कुणीतरी खालून सोडत नाही असे मला वाटले, हेही नमूद केले पाहिजे.

प्रयोगशाळेत त्या बाटलीत चुन्याची निवळी टाकली, तेव्हा ती तत्काळ दुधासारखी झाली. पेव जवळजवळ तोंडापर्यंत कर्बवायूने भरले होते. मग बाकीचे उलगडत गेले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली तर ती घुमते. पेव म्हणजे जमिनीत पुरलेली प्रचंड बाटली. या जड वायूत ध्वनी सावकाश जातो, म्हणून पोकळीचा सूर खाली उतरतो. बाईची हाक आत जाते, पुरुषाचा हुंकार बाहेर येतो. मला जो आनंद झाला तो लपवण्यासारखा नव्हता. पुढच्याच आठवड्यात मुंबईच्या एका संशोधन संस्थेत माझी मुलाखत होती आणि तिथे सांगायला इतके सुबक उदाहरण दुसरे मिळाले नसते.

संध्याकाळी विश्रामबागेतल्या खोलीकडे चालत जाताना मी रस्त्यात थांबले. पेव आज हाकेला हुंकार देते, तर शिवा गेला त्या दिवशीही दिला असणार.

दुसऱ्या दिवशी मी धोंडिबाला सरळ विचारले. त्याने मान खाली घालून सांगितले, की त्या दिवशी बराच वेळ टोपली वर आली नाही, म्हणून तो दोर ओढू म्हणाला होता. हौसाने हाक दिली. खालून हुंकार आला. ती म्हणाली, सुखात हायती, ऱ्हाऊ द्या. पुन्हा वेळ गेला, पुन्हा हाक, पुन्हा हुंकार. शेवटी धोंडिबाने न जुमानता दोर ओढला तेव्हा शिवाचे अंग गार पडले होते.

"मेल्यावर बी वैनीला ओ देत हुता," धोंडिबा म्हणाला. त्याच्या लेखी हा भावाच्या मायेचा पुरावा होता. माझ्या लेखी तो कशाचा पुरावा होता हे मी त्याला सांगितले नाही.

पावसापूर्वी पेव उपसायचे म्हणून मालकाची घाई चालली होती. ज्या पेवात माणूस गेला, त्यात पुन्हा पहिला दोर त्याला हाक देणाऱ्यानेच सोडायचा, अशी तिथली रूढी. आणि हौसा दोर सोडायला तयार नव्हती. पेव उपसले की शिवा जाईल, अशी तिला भीती होती. मी मालकाला वायूचे सांगितले. तो व्यवहारी माणूस. म्हणाला, हौसा बाजारला गेली की गुपचूप हवा घालू, हुंकार बंद होईल, मग नारळ फोडून शिवाची सुटका झाली म्हणून सांगू. "तुमचा देव बी खूश, आमचा बी. कुनाचं काय बिघडतंय?"

बिघडत होते ते मला लगेच दिसले. हौसाला न सांगता तिचा नवरा चोरासारखा हाकलला गेला असता. आणि न सांगता, न हवा घालता तसेच सोडले असते तर ती एके दिवशी आत उतरली असती. पाय तिने सोडलेच होते. पण खरे सांगणे म्हणजे काय, हेही स्पष्ट होते. हुंकार पेवाचा आहे हे तिला सांगितले की त्या दिवशीचाही हुंकार पेवाचाच होता, आणि 'राहू द्या' ती एका रिकाम्या पोकळीच्या सांगण्यावरून म्हणाली, हे तिला कुणी वेगळे सांगायची गरज नव्हती.

मी प्रार्थनेला बसले. लहानपणापासून मी अडचणीत तेच करते. थोड्या वेळाने आतून उत्तर आले, की सांगू नकोस, दयाळू हो. मला हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याचाच मला संशय आला. हे उत्तर होते, की माझाच आवाज जड होऊन परत आला होता? त्या पेवाने मला एवढे शिकवले आहे, की आपल्याला हवा तसा हुंकार आला तर आधी चुन्याची निवळी टाकून पाहावी.

रविवारी मी साताऱ्याला घरी गेले. माझी आई चर्चच्या मंडळीतल्या कुणाच्याही घरी दुःख झाले की पहिल्यांदा पोचते आणि क्वचितच काही बोलते. ती तांदूळ निवडत होती. मी सगळे सांगितले. खरे सांगणे हे कर्तव्यच आहे असा निष्कर्षही काढून दिला.

"सांग की," आई म्हणाली. "आणि सांगून झाल्यावर तू कुठं असशील?"

"मुंबईला. मुलाखत आहे ना."

"मग पोस्टकार्डच टाक. जाण्याचा हेलपाटा कशाला?"

तिने सुपातले तांदूळ पाखडले आणि विषय संपला. साताऱ्याहून परतताना एसटीत मी तिच्यावर मनातल्या मनात रागावत होते, कारण तिला खोडून काढणारा एकही मुद्दा मला सापडत नव्हता.

हौसाच्या खोपटात मी दिवेलागणीला गेले. बरोबर खाण्याचा सोडा आणि प्रयोगशाळेतले सौम्य आम्ल होते. तिची रिकामी घागर मागून घेतली आणि आत हाक द्यायला सांगितले. घागर तिच्याच सुरात घुमली. मग मी सोडा आणि आम्ल आत टाकले, फसफस थांबू दिली आणि पुन्हा हाक द्यायला सांगितले. तिने "आवंऽ" म्हटले. घागरीतून, तिच्या स्वतःच्या घरात, चुलीशेजारी, तो जड झालेला हुंकार आला. तिने घागर दोन्ही हातांनी घट्ट धरली.

मी ती तिच्या हातून हळूच घेतली आणि पेटत्या चिमणीवर तिरकी केली, पाणी ओतावे तशी. घागरीतून काहीही पडताना दिसले नाही. ज्योत आडवी झाली आणि विझली.

"हे तुमच्या पेवात भरलंय," मी अंधारात म्हणाले. "यानं दिवा जातो, माणूस जातो, आणि आवाज जड होतो."

तिने चाचपडत घागर माझ्या हातून परत घेतली. मला तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"म्हंजे ते न्हाईत तितं."

"नाहीत."

"मग त्या दिशी हुंकार कुनी दिला?"

"पेवानं."

"मी ऱ्हाऊ द्या म्हनले."

"हो."

"तवाच दोर वढला असता तर?"

इतक्या वायूत माणूस काही श्वासांतच कोसळतो, हे मला माहीत होते. त्यावरून काहीच उपयोग झाला नसता, असे ठामपणे सांगणे सोपे होते, आणि ते शास्त्रीयही वाटले असते. पण तात्काळ बाहेर काढलेली माणसे वाचल्याचेही मी ऐकून होते.

"मला माहीत नाही, हौसाबाई."

"जावा तुमी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर मी पुन्हा गेले. दार लोटलेले होते. मी उंबऱ्याबाहेर बसले आणि अंधार पडू लागल्यावर उठले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसेच. मुलाखतीचा दिवस मी रजा टाकून त्या उंबऱ्याबाहेर घालवला. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्याचे मला वाईट वाटत नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल, अजूनही वाटते. तेव्हा तर फार वाटत होते, आणि आत चाललेले मौन ऐकत बसण्यात काही पुण्य आहे असेही वाटत नव्हते. ते मौन वाईट होते. अधूनमधून आत कुणीतरी घागरीत काहीतरी पुटपुटल्यासारखा आवाज येई.

अखेर दार उघडले. "कशाला येतासा रोज? देव बदलायला?"

"नाही."

"मग?"

"सांगितलं मी, आणि ऐकून सोसायचं तुम्ही एकटीनं, हे बरोबर नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. मग शेंगांची टोपली माझ्यापुढे ढकलली आणि स्वतः समोर बसली. आम्ही शेंगा फोडल्या. मला ते काम चांगले जमत नाही, दाणे तुटतात. तिने माझ्यापुढचे तुटके दाणे बाजूला काढले आणि म्हणाली, "शिकून सवरून हे असं." त्यापुढच्या काही संध्याकाळी असेच चालले. मी तिला माझ्या प्रभूविषयी एक अक्षरही सांगितले नाही; तिने विचारले नाही. एके दिवशी शेंगा फोडता फोडता तिने विचारले, "फरशी कवा काडायची?"

भल्या सकाळी फरशी काढली. लोहाराचा भाता आणि कापडी नळी आणून हवा आत सोडायला सुरुवात केली. हौसा काठाशी बसली आणि हाक देऊ लागली. पहिला हुंकार तोच, भरदार. धोंडिबाने हात जोडले. भाता चालत राहिला. पुढचा हुंकार किंचित चढा. त्यापुढचा आणखी. ऊन वर आले तसतसा तो पातळ होत गेला. मधे एक वेळ अशी आली, की खालून येणारा आवाज ना बाईचा होता ना पुरुषाचा. ओळखीचा कुणीतरी चेहरा बदलत असावा आणि त्याने अर्ध्यावरच आपल्याकडे पाहावे, तसा. भाता ओढणारे गडी थांबले. या सुराचे गणित मला तोंडपाठ होते, तरी मी दोन पावले मागे सरले होते, हे नंतर लक्षात आले.

"थांबू नगासा," हौसा म्हणाली, आणि तिने पुन्हा हाक दिली.

शेवटी खालून तिचाच आवाज आला, तिच्याएवढाच उंच, तिच्याएवढाच थकलेला. तिने तो ऐकला. आणखी एकदा हाक देऊन पुन्हा ऐकला. मग तिने पदराने तोंड पुसले आणि कंदील मागितला. मी सांगितले तसा तो अगदी तळाला, खणलेल्या खड्ड्यात टेकेपर्यंत सोडला. तो जळत राहिला. पहिला दोर तिने स्वतःच्या हातांनी आत सोडला.

धोंडिबा उतरायला निघाला तेव्हा तिने त्याच्या तोंडावरचे फडके सैल केले. "नुसता हुंकार दिऊ नगंस," ती म्हणाली. "मी इचारीन ते सांगायचं."

तो दिसेनासा झाला आणि तिने विचारले, सकाळी काय खाल्लंस? भाकरी आणि अंबाडीची भाजी, असे खालून उत्तर आले. भाजी कुणी केली, मीठ कमी होतं का, थोरल्या म्हशीचं नाव काय, लग्नात नवरीकडच्यांनी कुणाचा फेटा पळवला. एकही प्रश्न तिने दुसऱ्यांदा विचारला नाही. ज्याचे उत्तर फक्त जिवंत माणूस देईल असेच ती विचारत होती, आणि दर खेपेला उत्तर पुरते ऐकेपर्यंत दोरावरचा हात सैल करत नव्हती. गडी हसू लागले. आता तिथल्या सगळ्याच पेवांवर असेच विचारतात. मी याविषयी एक टिपण लिहून वरिष्ठांकडे पाठवले. त्यावर अजून उत्तर नाही.

दुपारी तिने धोंडिबाला विचारले, तुझ्या धाकटीचा पहिला दात कवा पडला? खालून लगेच काही आले नाही. मग त्याचा वैतागलेला आवाज आला.

"वैनी, जरा दम खाऊ दे की."

"दम वर ईऊन खा," हौसा म्हणाली. तोवर तिने दोर ओढायला सुरुवात केली होती. मीही धरला. धोंडिबा हळदीने नखशिखान्त पिवळा होऊन, शिव्या देत वर आला आणि उन्हात डोळे मिचकावत म्हणाला, की काही झालेले नव्हते, आठवत होता तो. हौसाने त्याला तिथेच बसवले, पाणी पाजले, आणि तो तारीख आठवेपर्यंत कुणालाही दोर हातात घेऊ दिला नाही.